व्हीलचेअरवरचं माणूस पुढे का घसरतं

आजी सारख्या पुढे घसरतात म्हणून छातीला ओढणी बांधलेली बऱ्याच घरांत दिसते. ती आधी सोडा. माणूस खाली सरकलं की ओढणी वर जाते आणि गळ्याशी आवळते. घसरण थांबवायला ओढणी नको, मापं घ्यायचा टेप लागतो.

पहिलं माप बैठकीच्या लांबीचं. सपाट बाकावर ताठ बसवून ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजा, त्यातून 5 सेंमी वजा करा. दोन्ही पाय मोजा. खुब्याच्या ऑपरेशननंतर एक पाय आखूड झालेला असू शकतो, तेव्हा लहान माप धरायचं. बैठक याहून लांब असली की कड पोटरीला रुतते, ती चुकवायला माणूस कंबर पुढे ढकलतं आणि सगळा भार माकडहाडावर येतो. बेडसोरची सुरुवात तिथूनच.

रुंदी म्हणजे बसल्यावर मांड्यांचा सगळ्यात रुंद भाग अधिक अडीच सेंमी. दुकानात सहसा 18 इंची खुर्ची पुढे करतात. 34 सेंमीच्या आजी त्यात एका अंगावर कलंडणारच. आणलीच असेल तर दोन्ही बाजूंना घट्ट फोमचे तुकडे लावा, खाली नाही.

कापडी बैठक काही महिन्यांत झोळीसारखी होते. दोन्ही पाइपांवर नीट टेकेल अशी प्लायची फळी, वर दोन-तीन इंची कुशन. गोल भोकाची हवेची चकती मात्र नकोच. तिची कड भोवतीचा रक्तपुरवठा दाबते. माणूस बसल्यावर तळवा वरच्या बाजूला ठेवून हात कुशनखाली, बसायच्या हाडाच्या बरोबर खाली सरकवा. हाड आणि फळी यांत बोटभरही कुशन उरत नसेल तर ते बदला.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: कुशनने माणूस वर उचललं जातं, फूटरेस्ट खालीच राहते. पाय लोंबकळले की तेही पुढे ओढतात. म्हणून फूटरेस्ट कुशननंतरच बसवा. मांडी सपाट टेकलेली हवी, गुडघ्याजवळ तिच्याखाली तळहात जेमतेम शिरावा. फूटरेस्ट जमिनीपासून निदान 5 सेंमी वर राहू द्या, नाहीतर उंबरठ्याला अडकते. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर पाय लांब पसरणारी फूटरेस्ट कंबरच पुढे खेचते.

एवढं करूनही पट्टा लागलाच, तर तो पोटावर नको. मांडी आणि ओटीपोट मिळतात त्या घडीवरून तिरका मागे-खाली न्या, आत दोन बोटं जातील इतका सैल. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं उठवून त्वचा बघा. लाली पुढच्या अर्ध्या तासात गेली नाही, तर मापं पुन्हा घ्या.