बारा रकाने आणि एक तेरावा

कमी पैशात घर चालवायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, महिन्याचं बजेट करा. करा ना, कोण नको म्हणतंय. पण पैसे बेताचे असतील तर नुसतं महिन्याचं बजेट चांगलंच फसवतं असं माझं मत झालंय, कारण महिना जमतो आणि वर्ष फसतं. भाडं, किराणा, वीज, प्रवास, फोन सगळं पगारात मावतं, अखेरीला थोडे उरतातही, आपण खूश. मग एका महिन्यात विम्याचा प्रीमियम, पुढच्यात शाळेची फी, त्याच्यामागे कुणाचा तरी दात, आणि आपण म्हणतो अचानक खर्च आला. अचानक कसला? विम्याची तारीख गेल्या वर्षीही तीच होती. शाळा दर वर्षी त्याच सुमाराला सुरू होते. मुलांचे पाय वाढतात हे काय आज कळलं? बूट लागणारच.

साधी एक गंमत बघा. किराण्याला आठवड्याला अमुक एवढे असं ठरवून बरेच जण महिन्याला त्याची चारपट धरतात. बारा महिन्यांचे असे ४८ आठवडे झाले. वर्षात आठवडे असतात ५२. म्हणजे चार आठवड्यांचं खाणं कुठल्याच महिन्यात धरलेलं नाही, जवळजवळ एक अख्खा महिना, आणि मग पैसे जातात कुठे म्हणून आपण दूध आणि साबणावर संशय घेत बसतो.

त्यामुळे आमच्याकडे वर्षाचा तक्ता असतो. मोठा कागद आडवा धरायचा, वर बारा महिन्यांचे बारा रकाने, डावीकडे खर्चाची नावं. दर महिन्याला येणारे खर्च इथे लिहायचेच नाहीत, ते वहीत असतात. इथे फक्त ते, जे वर्षातून एकदा, दोनदा किंवा तीन महिन्यांनी उगवतात. विमा, फी, वह्यापुस्तकं, घरपट्टी वगैरे कर, गाडीचं सर्व्हिसिंग आणि टायर, चष्मा, डॉक्टरकडची तपासणी, कपडे, नातेवाइकांकडची कार्यं आणि द्यायच्या भेटी, गावाला जाणं, घरातली दुरुस्ती, मोबाईलचं वर्षाचं रिचार्ज, कुठलंतरी अ‍ॅप जे आपोआप रिन्यू होतं आणि कुणीच वापरत नाही. हे आठवून लिहू नका, आठवत नाहीच. गेल्या वर्षाचं बँक स्टेटमेंट काढा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत जा आणि नेहमीच्यापेक्षा वेगळी जी जी एंट्री दिसेल ती त्या त्या महिन्याच्या घरात टाका. कंटाळवाणं आहे, दुपार जाते, पण एकदाच. तक्ता भरला की दोनतीन महिने काळेभोर दिसतात आणि काही अगदी मोकळे. ओढाताण का होते ते त्या कागदाकडे नुसतं बघूनच कळतं.

मग सगळी बेरीज करायची, १२ ने भागायचं आणि ती रक्कम पगार झाला की बाजूला काढायची. इथपर्यंत सगळेच सांगतात. पहिल्या वर्षी हे जमत नाही ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. समजा फी तीन महिन्यांवर आली आहे. बाराव्या हिश्शाने बाजूला काढलं तर तोपर्यंत फीचा फक्त चौथा भाग जमतो, उरलेले तीन चतुर्थांश आणायचे कुठून? त्यामुळे पहिल्या फेरीत १२ ने भागायचं नाही, तारखेला जितके महिने उरलेत तितक्यांनी भागायचं. तीन महिन्यांवर असेल तर तिसरा हिस्सा, आठ महिन्यांवर असेल तर आठवा. ती तारीख एकदा पार पडली की पुढच्या वेळेसाठी १२ ने. म्हणून पहिलं वर्ष जड जातं, दुसऱ्या वर्षी तोच खर्च, तोच पगार, आणि तरी हलकं वाटतं. पहिल्या वर्षी चौथ्यापाचव्या महिन्यात "हे आपल्याला जमणारं नाही" म्हणून सोडून देणारे लोक मी पाहिलेत, त्यांना एवढंच सांगायचंय की ते सगळ्यात वाईट चढावरूनच परत फिरले.

आणि बेरीज मावतच नाही असं निघालं तर? निघतं तसं. पण ते वर्षाच्या सुरुवातीला कळतं, आणि तेव्हा काहीतरी करता येतं, कपडे पुढे ढकलता येतात, गावाला जाणं एकदाच ठेवता येतं, फी दोन हप्त्यांत चालेल का हे आधीच विचारता येतं. भरायच्या आदल्या दिवशी विचारायला गेलं की समोरचाही वैतागतो.

ज्यांचं उत्पन्न ठरलेलं नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला नेहमी येतो. आमच्याकडे एक पगार आहे आणि एकाचं काम आज आहे उद्या नाही असं, म्हणजे अंथरूणच दर महिन्याला लहानमोठं होतं, पाय कुठे पसरायचे? आम्ही गेल्या वर्षातला सगळ्यात कमी मिळकतीचा महिना धरतो. सरासरी नाही, सगळ्यात कमी. त्यात रोजचं घर चालायला हवं. त्याच्यावर जे येईल ते सरळ तक्त्यात. नवऱ्याला आधी हे फार कडक वाटायचं, चांगला महिना आला तरी घरात चांगला महिना आल्यासारखं काही दिसत नाही अशी त्याची तक्रार. ती खरीच आहे.

पैसे ठेवायचे कुठे? रोजच्या खात्यात ठेवले तर ते खर्च होतात, याला अपवाद मी तरी पाहिला नाही. बॅलन्स दिसतो आणि माणूस त्या बॅलन्सचा होतो. दुसरं खातं काढा, ज्याचं कार्ड नाही आणि जे मोबाईलवरच्या पेमेंटला जोडलेलं नाही. किराण्यासाठी मी अजून रोख पाकीट वापरते, मुलं हसतात. पण अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात मॅचच्या तिकिटांवर लोकांना बोली लावायला सांगितली, काहींना रोख द्यायचं होतं, काहींना क्रेडिट कार्डाने, आणि कार्डवाल्यांची बोली दुपटीच्या आसपास गेली. तिकिटं तीच. नोट हातातून सुटताना जे टोचतं ते स्कॅन करताना टोचत नाही. सगळ्या गोष्टी रोखीने करा असं म्हणत नाहीये, पण जिथे हात सैल सुटतो तिथे तरी करून बघा.

जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या बाईंनी १९०४ साली घरखर्चाची एक छापील वही काढली, काकेइबो म्हणतात तिला, आणि ती पद्धत अजून चालू आहे. त्या स्वतः पत्रकार होत्या, त्या काळात बाई पत्रकार म्हणजे काय ते समजून घ्या. हाताने लिहायचं, महिन्याच्या शेवटी बघायचं, एवढंच. मी अ‍ॅप वापरून पाहिली, सगळं आपोआप भरलं जातं, रंगीत गोल येतात, आणि काही म्हणजे काही डोक्यात राहत नाही. हाताने "रिक्षा" तिसऱ्यांदा लिहिताना जी स्वतःची लाज वाटते ती त्या गोलात नाही.

आता कपात. इथे लोक फार छोट्या गोष्टींच्या मागे लागतात. व्हिडिओ बघितले तर कुणी टूथपेस्टची ट्यूब कापतंय, कुणी टिश्यू दोनदा वापरतंय. कापा की, पण त्याने वर्ष बदलत नाही. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिलं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला खाण्यावरचा वाटा मोठा. म्हणजे बेताच्या घरात भाडं सोडलं तर खरी रक्कम स्वयंपाकघरात असते. आणि तिथे स्वस्तातलं आणण्यापेक्षा आणलेलं फेकलं न जाणं जास्त फायद्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालात २०२२ सालचा जगाचा आकडा आहे, दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. आपल्याला वाटतं हॉटेलवालेच फेकतात.

आमच्या फ्रिजमध्ये एक खण आहे, वरून दुसरा, त्याच्यावर चिकटपट्टीने "आधी हे" असं लिहिलंय. उघडलेलं, उरलेलं, मऊ पडायला लागलेलं सगळं तिथे. स्वयंपाकाला लागायच्या आधी त्या खणात बघायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं, आधी ठरवून मग सामान शोधायचं नाही. काय काय विचित्र जेवणं झालीत त्यातून ते विचारू नका.

दुकानात मी पाकिटावरची किंमत बघत नाही, वजनाने भागते. १०० ग्रॅमचं पाकीट गुपचूप ९० चं झालं आणि किंमत तीच राहिली तर भाव ११ टक्के वाढला, पण पाकीट तसंच, चित्र तसंच, कुणाच्या लक्षात येतंय. आणि ते "४० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के" वालं, ते ६० होत नाही, ५२ होतं, कारण दुसरी सूट उरलेल्या ६० वर बसते. मोठं पाकीट स्वस्त पडतं हेही नेहमी खरं नसतं, भागाकार करा, कधीकधी मधलंच स्वस्त असतं.

विजेचं एक सांगते. ५ वॉट म्हणजे काहीच नाही वाटतं ना? पण एखादं यंत्र बटण बंद न करता नुसतं लाल दिवा लावून ५ वॉट खात वर्षभर बसलं तर जवळजवळ ४४ युनिट होतात. घरात अशी चारपाच यंत्रं असली की बघा. महिन्याच्या बिलात हे दिसत नाही, वर्षाच्या बेरजेत दिसतं. गळका नळही तसाच. बाकी दिवे बंद करा वगैरे सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी ऐकत नाही.

वर्षाचा तक्ता झाल्याचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसला. पैसे कमी असलेल्या माणसाला सगळं महाग पडतं, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. विमा एकरकमी भरला तर बऱ्याचदा स्वस्त, महिन्याने भरला तर वर काहीतरी लागतं. रिचार्ज वर्षाचं घेतलं तर स्वस्त. ज्याच्याकडे एकदम द्यायला नाहीत तो जास्त देतो. रकाना आधीच भरलेला असला की आपणही त्या स्वस्तवाल्या रांगेत उभे राहतो.

हप्त्यांचं तर बोलायलाच नको. "फक्त १० टक्के, फ्लॅट" असं कुणी म्हणालं आणि वर्षाचे बारा हप्ते असले तर तो दर नेहमीच्या घटत्या शिल्लकेच्या हिशोबाने १८ टक्क्यांच्या आसपास जातो. कारण तुम्ही मुद्दल दर महिन्याला परत देताय, वर्षभरात सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम तुमच्याकडे राहते, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. आणि क्रेडिट कार्डची थकबाकी महिना ३ टक्क्यांनी राहिली तर वर्षाचे ३६ नाही, चक्रवाढीने साडेबेचाळीसच्या वर जातात. असलं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते संपवा, तक्त्यातले कपडे बूट थांबू शकतात, ते व्याज थांबत नाही.

वहीत एक ओळ मी हट्टाने ठेवते. दोघांना महिन्याला थोडे थोडे पैसे, ज्याचा हिशोब विचारायचा नाही. नवरा त्याचं काय करतो मला माहीत नाही आणि मी विचारत नाही (अंदाज आहे). हे काढून टाकून बचत वाढते असं कागदावर दिसतं, पण मग घरात प्रत्येक चहावरून भांडण होतं आणि दोन महिन्यांत कुणीतरी चिडून मोठीच खरेदी करून बसतं. मुलांनाही तक्ता दाखवलाय, भिंतीवरच आहे. धाकटीने एकदा काळा महिना बघून स्वतःच सांगितलं की वाढदिवसाची वस्तू पुढच्या महिन्यात चालेल, तो मोकळा आहे. मला आधी वाईट वाटलं, मग पाहिलं तर ती मजेत होती, तिने त्या मोकळ्या घरात पेन्सिलने स्वतःचं नाव घालूनही टाकलं होतं.

आणि तो तेरावा रकाना. बाराच्या उजवीकडे एक उभी रेघ मारून त्याला नाव दिलंय "काय कोण जाणे". कारण काही खर्च खरंच अचानक असतात, आजारपण, नोकरी जाणं, कुणाला तरी तातडीने द्यावे लागणं. त्याला हात लावायचा असेल तर दोघांनी हो म्हणायचं असा नियम आहे. एका महिन्याच्या घरखर्चाएवढं जमलं तरी खूप आहे, तीनसहा महिन्यांचं जमवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्यांचं उत्पन्न मला बघायचंय.

सध्या वाद वॉशिंग मशीनवरून चाललाय. ते पिळताना असं काही हादरतं की बाजूची बादली सरकत जाते. दुरुस्तीवाला म्हणतो बेअरिंग गेलंय, नवीनच घ्या. आम्ही असं मोजतो, दुरुस्तीचा खर्च भागिले ती किती वर्षं चालेल, नवीन मशीनची किंमत भागिले ते किती वर्षं चालेल, ज्याचा वर्षाचा आकडा कमी ते. दुरुस्तीवाल्याच्या मते दोन वर्षं, नवऱ्याच्या मते चार, आणि या एका आकड्यावरच उत्तर पलटतं. मशीनच्या ओळीत पैसे निम्मेच जमलेत, त्यामुळे निकाल लागेपर्यंत चादरी हाताने पिळायच्या असं ठरलंय, आणि हाताने म्हणजे त्याच्या हाताने.