आईच्या गोळ्यांचा डबा

मागच्या दिवाळीत आईचा गोळ्यांचा स्टीलचा डबा मी ओट्यावर उपडा केला. रक्तदाबाची, मधुमेहाची पाकिटं, आणि त्यात ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून कुणीतरी आणून दिलेली जिंको बिलोबाची, म्हणजे एका झाडाच्या पानांच्या अर्काची बाटली.

आई ७६ वर्षांची. त्याच आठवड्यात तिने पाणी न घालताच कुकर चढवला होता. चालताना चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. आम्ही म्हणालो, वय झालं. याचं मला अजून वाईट वाटतं.

जिंकोवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००८ साली निकाल आला. पंचाहत्तरीच्या पुढची तीन हजारांवर माणसं, रोज २४० मिलिग्रॅम, सुमारे सहा वर्षं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, काही टळला नाही. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती.

आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासलं; ते कमी पडलं तर विसरायला होतं, पायही बधिर होतात. जन्मभर शाकाहारी, त्यात १४ वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, आणि ही गोळी बी-१२ चं शोषण कमी करते. आकडा आला १२८, म्हणजे कमीच. मग इंजेक्शनं सुरू झाली. ज्यांचं बी-१२ मुळात ठीक आहे, त्यांची स्मरणशक्ती अशाने वाढत नाही. पण कमतरता असेल तर ती लवकर भरून काढायलाच हवी. तुमच्या घरी कुणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर कृपा करून एकदा तपासून घ्या.

तीन महिन्यांनी आई जिना उतरताना थांबली, मागे वळली आणि म्हणाली, “अगं, चप्पल राहिली बघ वरच्या पायरीवर.”