रडायला पुस्तक हवं

आमच्या वाचनालयात एक आजी येतात. पुस्तक नेण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो, "ताई, यात शेवटी कोण जातं?" कोणीच जात नसेल तर पुस्तक काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवतात.

श्रावणातल्या एका दुपारी त्यांच्याआधी त्यांची सून येऊन उभी राहिली. "मॅडम, आईंना रडकी पुस्तकं देत जाऊ नका. रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचतात, उशी भिजवतात. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. काहीतरी विनोदी द्या." तिचं बोलणं संपतंय तोच आजी जिना चढून वर आल्या, आणि पेपर वाचत बसलेल्या पेन्शनर मंडळींच्या देखत दोघींची जुंपली. पेपर कोणी खाली ठेवले नाहीत, पण पानंही उलटली नाहीत.

सुनेचं काही चूक नव्हतं. घरात ताप कमी आहेत का, म्हणून वर्गणी भरून रडं आणायचं? प्रश्न जुनाच आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथ या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या 'साहित्यदर्पण' ग्रंथात सरळ विचारलंय, की करुण रसात नुसतं दुःखच असतं तर तिकडे वळलं कोण असतं? १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला विसरून नव्हे, आणि आनंद होतो तो त्यातून. एम.ए.च्या पेपरात मी हे घोकून लिहिलं होतं. काउंटरवर बसल्यापासून मात्र विश्वनाथ जास्त पटतो, कारण त्याचा पुरावा आमच्या कपाटात आहे. बाइंडिंगला आधी जातात ती रडवणारी पुस्तकं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची आमची प्रत टेबलावर नुसती ठेवली तरी शेवटच्या रात्रींपाशी उघडते. तिथल्या पानांचे खालचे कोपरे बोटं लागून लागून जुन्या धोतरासारखे मऊ पडलेत. मधली पानं त्या मानाने करकरीत.

आजींना यातलं काही सांगायची गरजच पडली नाही. त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, घरात माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की तुम्ही सगळी धावता. काय झालं, कोण काय बोललं, कुठे दुखतंय का. काय सांगू? हे गेले त्याला इतकी वर्षं झाली, आता त्यांच्यासाठी रडले तर तुम्हालाच काळजी. हातात पुस्तक असलं की कुणी विचारत नाही."

सून काही बोलली नाही. पेन्शनरांपैकी एकाने उगाच घसा खाकरला.

केळकरांच्या समाधीत हे बसत नाही, असं मला वाटतं. आजी दुसऱ्याच्या दुःखात शिरतच नाहीत, स्वतःचंच बाहेर काढायला निमित्त शोधतात. अर्थात हे सगळ्यांना लागू पडेल असंही नाही. आमच्या एका सभासदांनी बायको गेल्यावर महिन्याभरात असंच एक पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी आणून ठेवलं. "नाही वाचवत," म्हणाले आणि रहस्यकथा घेऊन गेले. रहस्यकथेतही माणसं मरतातच, खरं तर जास्तच मरतात. पण तिथे रडत बसायला कोणाला वेळ नसतो, सगळे खुन्याच्या मागे.

शेवटी काउंटरवरच तडजोड झाली. रडकं पुस्तक दिवसा वाचायचं, रात्री दहाला दिवा बंद, आणि सोबत एक विनोदी न्यायचंच. तेव्हापासून दोन पुस्तकं जातात आणि वेळेवर परत येतात. विनोदी सूनच वाचते, असं आजी सांगतात. सून म्हणते, आईच वाचतात. दोन्ही एकाच कार्डावर पडतात, त्यामुळे रजिस्टरवरून काही कळत नाही.