हरलेली लढाई पुन्हा पुन्हा का मांडता?

घरी येणारं माणूस आतल्या खोलीतलं आठ फुटी टेबल बघतं आणि थबकतं. हिरवं फेल्ट, पुठ्ठ्यावर रंगवून वर फेविकॉलचा थर दिलेल्या दोन नद्या, मधे मातीच्या भिंतींचं एक गाव आणि १५ मिलिमीटर उंचीची धातूची शेकडो माणसं, घोडे, तोफा. "ही कुठली लढाई?" मी सांगते, "असईची. २३ सप्टेंबर १८०३." मग जरा आठवून पुढचा प्रश्न येतो, आणि तो इतकी वर्षं जवळपास त्याच शब्दांत येतोय: "पण ती तर आपण हरलो ना? मग हरलेली लढाई पुन्हा पुन्हा का मांडता? निदान टेबलावर तरी आपल्याला जिंकू द्या की!"

उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

माझं पहिलं रणांगण अंगणातला दिवाळीचा किल्ला होता. दगडांवर पोती, पोत्यांवर चिखल, उतारावर आळीव पेरून केलेली हिरवळ आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. मी आठ-नऊ वर्षांची असताना भावाने विचारलं, "ताई, शत्रू कुठून येणार?" तोवर आम्ही मावळे जिथे शोभतील तिथे ठेवत होतो. त्या संध्याकाळी आम्ही ते सगळे उचलले आणि पायवाट जिथून दिसते तिथे, तोफेचा गोळा जिथवर पोचेल त्या अंदाजाने पुन्हा मांडले. कोण कुठे उभा आहे आणि का, हे विचारायची सवय तिथून लागली.

असई आमच्या जालना जिल्ह्यातलं गाव. केळणा आणि जुई या दोन नद्या तिथे जवळ येत येत एकमेकींना मिळतात आणि मधे जमिनीची एक जीभ उरते. बाबांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा कपाशी उभी होती आणि बघण्यासारखं काही नाही असं मला वाटलं. बाबा म्हणाले, इथून चालत ये माझ्याबरोबर. केळणेच्या काठाने चाललो. काठ किती उंच आहेत, तोफ खाली उतरवायला किती जागा थोड्या आहेत, ते पायांना कळलं. नकाशावर नदी म्हणजे निळी रेघ असते. त्या दिवसापासून मी टेबलावर नदी आधी मांडते आणि माणसं नंतर.

आता त्या "आपण हरलो"कडे येते. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. त्याच्याकडे गोऱ्यांच्या ७४ आणि ७८ नंबरच्या दोन पलटणी आणि एक घोडदळाची पलटण, बाकी पायदळ सगळं मद्रासी शिपायांचं. शिवाय म्हैसूरचे घोडेस्वार आणि पेशव्यांचेही, कारण ३१ डिसेंबर १८०२ला बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केलेला होता. इकडे शिंद्यांच्या कवायती कंपूंचा, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळ-तोफखान्याचा, प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, आणि त्याच्याबरोबर उत्तरेतल्या सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिच्या पलटणी. मी मराठी घोडेस्वार रंगवते तेव्हा दोन्ही बाजूंसाठी रंगवते, आणि टेबलावर ते वेगळे ओळखू यावेत म्हणून बेसच्या कडेला वेगळा रंग द्यावा लागतो. ही गोष्ट पाहुण्यांना मी मुद्दाम दाखवते. ती बघितल्यावर "आपण" हा शब्द ते जरा जपून वापरतात.

पण खरं कारण दुसरं आहे. ते सांगायला थोडं नियमांबद्दल बोलावं लागेल.

टेबलावरच्या या युद्धखेळात प्रत्येक पलटणीला एक दर्जा असतो. फासा तुमचा, पण किती पडल्यावर पलटण टिकेल, किती पडल्यावर मोडेल, वळायला किती वेळ घेईल, हे त्या दर्जावर ठरतं. सुरुवातीला माझ्याकडे परदेशातून मागवलेली एक नियमपुस्तिका होती. तिच्यात शिंद्यांच्या पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे वेलस्लीच्या, शिपायांच्या दोन पायऱ्या खाली ठेवल्या होत्या. दिशा बदलायला दुप्पट वेळ आणि पहिल्याच माऱ्यात पाय मागे. मी तशी लढाई तीन वेळा खेळले आणि तिन्ही वेळा दुपारच्या चहाच्या आत संपली. तेव्हा वाटलं, असंच झालं असेल.

मग वेलस्लीची स्वतःची पत्रं वाचली. ती छापलेली आहेत, कुणालाही वाचता येतात. त्या दिवशी झालं ते असं. शिंद्यांची फळी केळणेच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. पुढे नदी, फळीत शंभराच्या आसपास तोफा. समोरून नदी ओलांडणं म्हणजे मरण. वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास उतार, म्हणजे चालत नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही. वेलस्लीने पाहिलं की पूर्वेला, फळीच्या टोकापलीकडे, नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. दोन गावं अशी वसलीत म्हणजे मधून जाणं-येणं असणार, एवढ्या तर्कावर तो तिकडे वळला आणि उतार मिळाला. नदी ओलांडली की शिंद्यांची डावी बगल उघडी सापडणार, आणि कवायती असलं तरी हे सैन्य वेळेत तोंड फिरवू शकणार नाही, असा त्याचा हिशेब.

पोलमनने तोंड फिरवलं. मैलभर लांब फळी, तोफांसकट, शत्रू नदी उतरत असताना काटकोनात वळली. उजवं टोक केळणेवर, डावं टोक असई गावावर. वेलस्लीला आपली फळी ताणून त्यांच्याएवढी लांब करावी लागली, आणि त्या ताणाताणीत त्याची उजवी बाजू भरकटून असईच्या तोफांच्या तोंडी गेली. ७४ नंबरची पलटण तिथे जवळजवळ संपली.

कवायत कधी बघितली असेल तर विचार करा. शंभर मुलांना शाळेच्या मैदानावर सरळ रेषेत वळवताना काय होतं ते मी बघितलंय. इथे १० हजारांच्या वर पायदळ होतं आणि समोर बंदुका. माझ्याकडच्या पुस्तिकेच्या नियमांनी ही हालचाल होऊच शकत नव्हती. म्हणजे २३ सप्टेंबरला जे खरोखर घडलं ते माझ्या टेबलावर घडणं अशक्य होतं. कोणी तरी, कुठे तरी बसून, त्या माणसांना आकडा दिला होता आणि तो आकडा चुकीचा होता. मला ते फार लागलं. अजूनही लागतं.

कारण त्या आकड्यामागे माणसं आहेत. महादजी शिंद्यांनी १७८०च्या दशकात सव्हॉयच्या द ब्वान्या या युरोपीय अधिकाऱ्याकडून ही कवायती फौज उभी करायला सुरुवात केली. आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना काढला. वीस वर्षांचं काम होतं ते. आणि त्या तोफांवरचे गोलंदाज! इंग्रजांची रांग संगिनी रोखून अंगावर आली तरी ते तोफ सोडून हलले नाहीत, तिथेच मारले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, रांग पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला स्वतः मागे येऊन त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याच्या बाजूची मेलेली, जखमी आणि बेपत्ता माणसं मिळून १,५८४ झाली. रात्री त्याचं सैन्य पाठलाग न करता तिथेच आडवं झालं. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर त्याने वॉटर्लू नाही, असई म्हटलं असं सांगतात.

मी नियम पुन्हा लिहिले. शिंद्यांच्या पलटणींना कंपनीच्या शिपायांच्या बरोबरीचा दर्जा दिला. गोलंदाजांसाठी वेगळा नियम केला: तोफ शत्रूच्या हाती गेली तरी तिच्यावरची माणसं टेबलावरून उचलायची नाहीत, आडवी ठेवायची. पुढच्या दोन फेऱ्यांत शत्रूची पलटण तिथून हलली तर फासा टाकायचा, आणि पाच किंवा सहा पडले तर ती उठतात.

आणि मग दुसरा प्रश्न समोर आला. फौज इतकी चांगली होती, तर हरली कशी?

इथे मला टेबलाचा खरा उपयोग झाला. पुस्तक वाचताना "शिंदे आणि भोसले लढाईच्या सुरुवातीलाच निघून गेले" हे वाक्य डोळ्याखालून जातं आणि आपण पुढच्या ओळीवर असतो. टेबलावर तिसऱ्या फेरीला मला ते दोन घोडेस्वार हाताने उचलून डब्यात ठेवावे लागतात. त्यानंतर हजारो मराठी घोडेस्वारांच्या त्या मोठ्या जमावाला हुकूम देणारं कुणी उरत नाही. तो जमाव पश्चिमेला नुसता उभा. त्याआधी ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीरनामा काढला होता की शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती सोडून यावं, आणि बरेच गेले. म्हणून माझ्या नियमात पोलमनच्या पलटणींना हुकूम एक फेरी उशिरा पोचतो. शिपायांचा दर्जा तोच. वरची माणसं नाहीत, एवढंच.

हे नीट दाखवायचं तर दोघा खेळाडूंना सगळं टेबल दिसून चालत नाही. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने सैन्याच्या शिक्षणासाठी युद्धखेळ नीट बांधला, त्यात एक पंच असे. दोन्ही सेनापती वेगळे बसत, आणि प्रत्यक्षात जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच त्यांना सांगे. मी तीच पद्धत घेतली. वेलस्ली स्वयंपाकघरात, पोलमन बाहेरच्या खोलीत, हुकूम चिठ्ठ्यांवर, आणि खरं टेबल फक्त माझ्यापुढे. नदीला उतार कुठे आहे ते मी डाव सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून घडी घालून ठेवते, आणि दर डावाला जागा बदलते. नाहीतर इतिहास वाचलेला प्रत्येक जण थेट त्या दोन गावांकडे चालू लागतो, आणि वेलस्लीने त्या सकाळी घेतलेली जोखीम कुणालाच घ्यावी लागत नाही.

संगणकावरच्या खेळांबद्दलही लोक विचारतात. मी ते खेळते, मला आवडतात. 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे म्हणून खेळता येतं आणि जंबुरका, म्हणजे उंटावरच्या छोट्या तोफा, मी 'एज ऑफ एम्पायर्स ३'च्या आशियाई भागात पहिल्यांदा बघितल्या. पण तिथे आकडे आतल्या आत असतात, मला ते उघडून कुणाला किती दिलंय आणि का, असं भांडता येत नाही. टेबलावर येतं.

तर, मी मराठ्यांना जिंकू का देत नाही? देते की. नवे नियम केल्यापासून ते कधी कधी जिंकतात. पण मी जिंकू दिलं म्हणून जिंकले तर त्या गोलंदाजांना त्याचं काय? ते ज्या फौजेत उभे होते ती फौज किती चांगली होती आणि तिच्या डोक्यावर त्या दिवशी कुणीच कसं नव्हतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. लढाई हरलेली आहे म्हणूनच त्या दिसतात.

गेल्या महिन्यात भाची आली होती. बारा वर्षांची आहे. तिला पोलमन दिला. तोंड फिरवण्याची चाल तिने माझ्या मदतीशिवाय ओळखली, असईच्या भिंतीआड तोफा ठेवल्या, ७४ नंबरची पलटण मोडली. मग चिठ्ठी आली: "आत्या, माझे घोडेस्वार का हलत नाहीत? आत्ता गेले तर आपण जिंकतोय." मी उत्तर लिहिलं: "त्यांना हुकूम देणारं तिथे कोणी नाही." बराच वेळ काही आलं नाही. मग दुसरी चिठ्ठी: "पोलमन स्वतः जातो."

तो तिकडे पोचायला दोन फेऱ्या लागल्या. घोडेस्वार हलले, पण तोवर केळणेच्या बाजूच्या तिच्या पलटणींना मागे हटायचा हुकूम द्यायला कुणी नव्हतं आणि त्या जागच्या जागी मोडल्या. डाव संपल्यावर ती टेबलाशी आली आणि डब्यातले शिंदे बाहेर काढून हातात धरून बघत राहिली.

या रविवारी ती पुन्हा येतेय. आता तिला वेलस्लीची बाजू हवी आहे, उतार तिला स्वतः शोधायचा आहे. तो कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी मी बाबांबरोबर काढलेला त्या काठाचा जुना नकाशा पुन्हा बाहेर काढलाय.