गावकीचा गाळा

आज आत्याला घेऊन लालबागला गेले. चिवडा गल्लीत पाव किलो मका चिवडा घेतला (भाव विचारू नका) आणि आजोबांच्या चाळीचा जिना चढले. आजोबा तेव्हा आले ते जैतापूरहून बोटीने भाऊचा धक्का, तिथून थेट हा गावकीचा गाळा. दहा बाय बाराची खोली, त्यात गावची वीसेक माणसं. मावली कशी? आत्या म्हणाली, "एकदम कुठली गो? पहिल्या पाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा." जेवण खानावळवाल्या मावशींकडे, हिशेब पगाराला.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आजोबा "चार दिवसांत येतो" म्हणून गावी गेले. ट्रंक इथेच राहिली.

भिंतीवरच्या खुंट्या मात्र अजून आहेत, माणशी एक. मोजल्या, सतरा. आता तिथे झारखंडची पोरं राहतात, समोरच्या टॉवरवर कामाला. खुंट्यांवर त्यांची पिवळी हेल्मेटं. त्यांनी आत्याला चहा पाजला. साखर फार होती, पण तिने दुसरा कपही मागून घेतला.