बो थ्रस्टरसाठी नवीन बॅटरी घेताना

"थ्रस्टर दमलाय, 100 एएचच्या जागी 150ची बॅटरी टाकू का?" हा प्रश्न बोटवाल्यांकडून सारखा येतो. बो थ्रस्टर म्हणजे बोटीचं पुढचं टोक आडवं ढकलणारा, बॅटरीवर चालणारा पंखा. पण थ्रस्टरला एएचच्या, म्हणजे अँपिअर-अवरमधल्या साठ्याच्या, आकड्याशी फारसं देणंघेणं नसतं. धक्क्याला लागताना तो एकेका वेळी पाच-सात सेकंद चालतो, सगळं मिळून फार तर तीन मिनिटं. त्याहून जास्त वेळ सलग चालवला तर मोटर तापते आणि थर्मल कटआउट तिला बंद करतो. मात्र त्या काही सेकंदांत ती जो करंट मागते तो प्रचंड असतो. 40 फुटी बोटीवरचा 12 व्होल्टचा थ्रस्टर 400 अँपिअरच्या आसपास ओढतो. तीन मिनिटांचे झाले 20 एएच. इतका साठा कुठल्याही धड बॅटरीत असतो. खरा प्रश्न असतो तो हा करंट देताना बॅटरीचं व्होल्टेज किती खाली येतं याचा.

मोटरच्या टर्मिनलवर, थ्रस्टर पूर्ण जोरात चालू असताना, किमान 10.5 व्होल्ट मिळायला हवेत. त्याखाली रेटा झपाट्याने घटतो. आणि नुसता रेटाच घटत नाही. व्होल्टेज कमी पडलं की सॉलेनॉइड, म्हणजे मोटरचा करंट जोडणारा चुंबकी स्विच, घट्ट ओढून धरत नाही, कॉन्टॅक्ट थरथरतात, ठिणग्या पडतात आणि शेवटी ते एकमेकांना चिकटतात. मग जॉयस्टिक सोडली तरी थ्रस्टर त्याच बाजूला ढकलत राहतो. म्हणून थ्रस्टरचा मेन स्विच सुकाणूवर उभ्या माणसाला दोन पावलांत गाठता आला पाहिजे.

बॅटरी विकत घ्यायच्या आधी दोन माणसं आणि एक मल्टिमीटर घेऊन मोजणी करा. चार्जर आणि इंजिन बंद ठेवा. बॅटरी काही तास शांत राहिल्यावर चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर 12.7 व्होल्टच्या आसपास दिसतात. मग एकाने थ्रस्टर पाच सेकंद चालवायचा, दुसऱ्याने आधी बॅटरीच्या पोस्टवर (शिशाच्या खुंट्यांवर) वाचायचं आणि पुढच्या खेपेला मोटरच्या टर्मिनलवर. पोस्टवरच 9.8 दिसले तर बॅटरी संपली आहे. पोस्टवर 11.4 आणि मोटरवर 9.6 असतील तर बॅटरी निर्दोष आहे, व्होल्टेज वाटेत हरवतंय. ते नेमकं कुठे हरवतंय हे शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं मोटरच्या प्लसवर लावून चालवा, मग तसंच मायनसला. फ्यूज आणि मेन स्विचच्या दोन्ही टोकांवरही वाचा. अशा वेळी नवी बॅटरी टाकून काहीही फरक पडत नाही, पैसे तेवढे जातात.

केबलचा हिशेब करून बघाच. बॅटरी इंजिनरूममध्ये आणि थ्रस्टर 9 मीटर पुढे असेल, तर जाऊन-येऊन 18 मीटर तांबं. 70 चौरस मिमीच्या केबलमध्ये 400 अँपिअरला 1.8 व्होल्ट केबलच खाते. 120 चौरस मिमी टाकली तरी एक व्होल्ट जातोच. तीच बॅटरी नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, थ्रस्टरपासून 2 मीटरवर ठेवली, तर 70 चौरस मिमीलाच घट होते 0.4 व्होल्ट. बोटीत जागा असेल तर माझं मत पुढच्या स्वतंत्र बॅटरीच्या बाजूने पक्कं आहे. आपल्या किनाऱ्यावर त्याला आणखी एक कारण आहे. इंजिनरूमची उष्णता लेड बॅटरीला मारते. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आता बॅटरी कुठली? बघायचा आकडा सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँप्स: थंडीत बॅटरी थोडा वेळ किती करंट देऊ शकते ते. पण त्याच्यापुढे कुठलं मानक लिहिलंय तेही वाचा. एसएई (अमेरिकी), ईएन (युरोपीय) आणि डीआयएन (जर्मन) या तिन्ही मानकांच्या चाचण्या उणे 18 अंशांवरच होतात. एसएईत 30 सेकंदांनंतर 7.2 व्होल्ट उरले तरी चालतात, ईएनमध्ये 10 सेकंदांनंतर 7.5, आणि डीआयएनमध्ये 30 सेकंदांनंतर 9. त्यामुळे एकाच बॅटरीचा डीआयएनचा आकडा ईएनच्या साठ टक्क्यांच्या आसपास दिसतो. मी ढोबळमानाने मोटरच्या करंटच्या दुप्पट ईएन सीसीए धरतो, म्हणजे 400 अँपिअरला 800. आपल्याकडच्या उबदार हवेत बॅटरी त्याहून जास्त देते, पण ती सवलत बॅटरी जुनी होईल तेव्हासाठी राखून ठेवावी. थ्रस्टरच्या पुस्तिकेत किमान सीसीए दिलेला असेल तर तोच अंतिम.

इन्व्हर्टरची 150 एएच ट्युब्युलर बॅटरी स्वस्त मिळते म्हणून बोटीत येते. तिच्या जाड प्लेट तासन् तास थोडा थोडा करंट देण्यासाठी बनवलेल्या असतात, 400 अँपिअरला ती लगेच मान टाकते. उलट पातळ प्लेटच्या एजीएम बॅटऱ्या (आम्ल काचतंतूच्या चटईत शोषलेल्या, बंद) बघा. ऑप्टिमाची रेडटॉप फक्त 50 एएचची, वजन सुमारे 17 किलो, पण ईएन सीसीए 815. अशा दोन समांतर जोडल्या की प्रत्येकीवर 200 अँपिअरच येतात. जेल बॅटरी, म्हणजे आम्ल घट्ट केलेली, या कामाला एजीएमइतकी बरी नाही. शिवाय जुना चार्जर 14.7 व्होल्ट देत असेल तर जेल कायमची खराब होते.

लिथियमबद्दल सावध राहा. 100 एएचच्या लिथियम बॅटरीचा बीएमएस (तिला जपणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बहुधा 100 ते 200 अँपिअरला तोडतो, आणि तोडतो तो ऐन वळणावर, बाजूची बोट हातभर अंतरावर असताना. मोठा करंट देणारे लिथियम संच मिळतात, पण त्यांचं चढं व्होल्टेज तुमच्या मोटरला चालतं का, हे थ्रस्टर बनवणाऱ्याकडून आधी लेखी घ्या.

पुढच्या बॅटरीला चार्जिंगसाठी नुसता व्होल्टेज सेन्सिंग रिले (चार्जिंगचं व्होल्टेज चढलं की दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच) लावला तर इंजिन चालू असताना तो जोडलेला असतो, आणि थ्रस्टर दाबल्यावर मागच्या बॅटरीतूनही मोठा करंट त्या बारीक केबलने पुढे धावतो. फ्यूज उडतो. त्याऐवजी 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, तो मागच्या बॅटरीतून पुढे ठरावीकच करंट जाऊ देतो. त्याच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे.

जोडणी करताना समांतर बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच तारखेच्या घ्या. मोटरचा प्लस पहिल्या बॅटरीवरून आणि मायनस दुसऱ्या बॅटरीवरून काढा, नाहीतर एकीवरच जास्त भार पडतो. केबल कलई केलेल्या तांब्याची घ्या, लग (केबलच्या टोकाची भोकाची धातूची टोपणं) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले असावेत. लग आणि पोस्ट यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर कधीही नको. वॉशर नटच्या खाली, लगच्या वर. जुनी जोडणी उघडल्यावर मधे बसवलेला वॉशर निळसर पडलेला आणि शिसं त्याभोवती वितळून बसलेलं दिसलं, तर तुमचा हरवलेला व्होल्ट तिथेच होता. बॅटरी पट्ट्याने अशी आवळा की हाताने हलवली तरी हलणार नाही. लाटेत सगळ्यात जास्त आपटते ती नाळच. दुकानातून उचलण्याआधी उत्पादनाची तारीख वाचा आणि व्होल्टेज मोजा. 12.5च्या खाली दिसली तर दुसरी मागा.