जुना डेस्कटॉप काढण्याआधी तो दोन दिवस बंद ठेवा

घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप बदलायचा म्हटलं की सगळे आधी नवीन कुठला घ्यायचा ते विचारतात. त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: हा जुना टॉवर घरात नेमकं काय काय करतो? टेबलाखाली तो एकटा बसलेला दिसतो, पण वर्षानुवर्षांत घरातलं बरंच काही त्याच्या आधाराने चालायला लागलेलं असतं. म्हणून खरेदीला जाण्याआधी एका शनिवार-रविवारी तो सरळ बंद ठेवा आणि घरातून कोण हाक मारतं ते बघा. फोनवरून प्रिंट निघत नाही. लॅपटॉपमधल्या झेड ड्राइव्हवर, म्हणजे या टॉवरच्या शेअर केलेल्या फोल्डरवर, लाल फुली येते. टीव्हीवर मुंजीचे फोटो दिसेनासे होतात. स्कॅनर ‘फोल्डर सापडत नाही’ म्हणतो. हे सगळं कागदावर लिहून काढा. नव्या मशिनने काय काय करायला हवं, त्याची तीच यादी.

बंद करण्यापूर्वी त्याच कागदावर जुन्याची ओळख उतरवून घ्या: कॉम्प्युटरचं नाव, आयपी पत्ता, वर्कग्रुपचं नाव आणि शेअर केलेल्या फोल्डरांची नावं. कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ दिलं की नाव आणि पत्ता दोन्ही दिसतात, ‘नेट शेअर’ दिलं की फोल्डर दिसतात. हे आधीच करायचं कारण असं की मशिन दिवस-दोन दिवस बंद राहिलं तर राउटर त्याचा पत्ता दुसऱ्याच कुठल्या तरी फोनला देऊन टाकू शकतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे वाढीव अपडेट नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण तेवढ्यावर आणखी काही वर्षं काढू नयेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशिनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. पुण्यात टिळक रोडवर ऑफिसांतून आलेले रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून पुन्हा ठीकठाक केलेले, मिनी पीसी बघत असाल तर मॉडेल क्रमांक वाचा. आय५-८५०० चालेल, आय५-७५०० चालणार नाही, मग दुकानदाराने त्यावर विंडोज ११ टाकून दाखवलं तरी. नियमात न बसणाऱ्या मशिनवर ते टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते. घरी गेम खेळणारं कोणी नसेल तर मला मिनी पीसीच पटतो. मॉनिटर जुना असेल तर त्याला फक्त व्हीजीए असतं आणि मिनी पीसीला बहुधा एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्ट. अशा वेळी साधी वायर उपयोगाची नाही, आत चिप असलेला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या.

आता वायरलेसकडे. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये फायबर मुख्य दारातून येतो आणि राउटर तिथेच, चपलांच्या कपाटाच्या वर बसतो. डेस्कटॉप आतल्या खोलीत, दोन भिंती आणि एक फ्रिज ओलांडून. राउटर बहुधा दोन पट्ट्यांत बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतींना २.४ पेक्षा लवकर हार मानतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तर तो जवळजवळ पोचतच नाही. २.४ भिंत ओलांडतो, पण सोसायटीत आजूबाजूची वीस-पंचवीस नेटवर्क त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. राउटरमध्ये २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे कमी गजबजलेलं असेल ते ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली की वेग वाढण्याऐवजी शेजाऱ्यांशी टक्कर वाढते.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर डेस्कटॉप बऱ्याचदा २.४ ला चिकटतो आणि तिथून हलत नाही. फोन घरभर फिरतो, त्याला एकच नाव सोयीचं. डेस्कटॉप कुठे फिरत नाही, म्हणून ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन त्याला तिथेच जोडा. सिग्नल किती येतो ते पाहायला कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ द्या: टक्केवारी, चॅनेल आणि जोडणीचा वेग तिथे दिसतो. ५ गिगाहर्ट्झवर सिग्नल सतत ५० टक्क्यांखाली राहत असेल तर वाय-फाय कार्ड बदलून फार फरक पडणार नाही. राउटरची जागा बदला.

टॉवर घेत असाल तर अँटेना मागच्या बाजूला येतात, म्हणजे पत्र्याचा डबा पुढे, भिंत मागे आणि अँटेना मधल्या चार इंचांत. चुंबकी तळाचा, मीटरभर वायर असलेला अँटेना घेऊन टेबलावर ठेवला की फरक लगेच जाणवतो. स्वस्तातला, ‘१५० एमबीपीएस’ लिहिलेला नखाएवढा वाय-फायचा यूएसबी डाँगल घेऊ नका. तो फक्त २.४ वर चालतो, ५ चं नेटवर्क त्याला दिसतच नाही. आणि डाँगल घेतलाच तर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारच्या खाचेत लावू नका. यूएसबी ३ च्या वायरींतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. डिस्कवर कॉपी सुरू झाली की इंटरनेट मंदावतं आणि वायरलेस माउस अडखळतो, आणि दोष मात्र राउटरला दिला जातो. अर्धा मीटर एक्स्टेंशन वायर लावून डाँगल लांब ठेवला की हा त्रास बहुतेक थांबतो.

एवढं सांगूनही माझा आग्रह एकच: एका जागी बसणाऱ्या मशिनला शक्य असेल तर वायर द्या. अनेक फ्लॅटमध्ये दूरध्वनीच्या जुन्या वायरीचा पाइप भिंतीत असतो. त्या वायरीला कॅट ६ केबल घट्ट बांधून ओढली तर भिंत न फोडता काम होतं. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ नका. केबल ओढून झाल्यावर सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० दिसत असेल तर बहुधा आठपैकी एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसलेली नाही. १०० ला चारच तारा लागतात, म्हणून जोडणी चालू दिसते आणि चूक लपून राहते. राउटरचं पोर्टच १०० चं नाही ना, हेही पाहून घ्या.

नवीन मशिनवर विंडोज ११ कोरं टाकताना एक अडचण ठरलेली. सेटअप इंटरनेट मागतं आणि वाय-फाय कार्डचा ड्रायव्हर तर इंटरनेटवर. जुना पीसी चालू असतानाच मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. राहून गेलं असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग चालू करा. सेटअपला ते साधं नेटवर्क कार्ड वाटतं आणि गाडी पुढे सरकते.

मग तो कागद काढा. जुन्याचं नाव बदलून शेवटी ‘जुना’ जोडा, तो रीस्टार्ट करा, आणि त्यानंतरच मूळ नाव नव्याला द्या. एकाच नावाची दोन मशिनं नेटवर्कवर आली तर कधी एक उघडतं, कधी दुसरं. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (ठरलेल्या मशिनला नेहमी तोच आयपी देण्याची सोय) जुना आयपी नव्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधा. वाय-फाय आणि वायर यांचे मॅक पत्ते वेगळे असतात, जे वापरणार त्याचाच घ्या, आणि ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ बंद ठेवा. राउटरवर मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणारी चाळणी, लावलेलं असेल तर त्यातही नवा पत्ता घालावा लागतो. पासवर्ड बरोबर असून जोडणी होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. नाव आणि पत्ता जुनाच राहिला, फोल्डरांची शेअर-नावंही तीच दिली, की लॅपटॉप, टीव्ही, स्कॅनर यांच्यात फारसं काही बदलावं लागत नाही.

राहतो तो पासवर्ड, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर शेअर दिसणारच नाही. रोज पीसी उघडायला वापरतो तो पिन दुसऱ्या मशिनवरून चालत नाही. म्हणून सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स इथे जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा एक स्थानिक यूझर पासवर्डसह तयार करा आणि फोल्डर त्याच्याच नावाने शेअर करा. बाकीच्या लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद पुसून हे नवं नाव द्या. जुना स्कॅनर किंवा मीडिया प्लेअर फक्त एसएमबी १ ही फोल्डर शेअर करण्याची जुनी भाषा बोलत असेल तर विंडोज ११ मध्ये ते मुळात बंद असतं. ते चालू करू नका, २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ज्या दारातून शिरकाव केला तेच हे दार. स्कॅन पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर घ्या.

डेटा हलवताना हिशोब करा. २०० जीबी गिगाबिट वायरवरून, डिस्कने साथ दिली तर, अर्ध्या-पाऊण तासात जातो आणि १०० च्या वायरवरून पाच तासांत. दोन्ही मशिनं २.४ वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे, म्हणून रात्र पुरत नाही. सोपा मार्ग म्हणजे जुनी डिस्क काढून साटा-ते-यूएसबी अडॅप्टरला लावायची. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. आणि हे काम गुरुवारी काढू नका, महावितरणची देखभाल पुण्यात बहुधा त्याच दिवशी असते.

मराठीत काम करणाऱ्या घरांत आणखी एक मोठी गोष्ट उरते: जुने फॉण्ट. श्री-लिपी, शिवाजी, किरण, डीव्हीबी-टीटी सुरेख यांत टाइप केलेली पत्रं, कुळाचा वृत्तान्त, सोसायटीची इतिवृत्तं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरांत, नसतात. फाइल नीट कॉपी होते आणि नव्या मशिनवर उघडली की चिन्हांचा खच दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फॉण्ट नसतो. विंडोज फोल्डरमधलं फॉण्ट्सचं फोल्डर आधी वेगळं कॉपी करून ठेवा. श्री-लिपीची जुनी आवृत्ती यूएसबी किंवा पॅरलल पोर्टच्या लॉकवर चालत असेल तर तो लॉक आणि त्याचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालतो का, हे आधी पाहा. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुनं मशिन चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ काढा, मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. रफार आणि जोडाक्षरं इथे हमखास चुकतात. पुढचं टाइपिंग विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट या कीबोर्डवरच करावं.

नव्या मशिनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, आपोआप चालू झालेलं असू शकतं. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून दाखल्यांच्या फाइलीत ठेवा.

जुना टॉवर महिनाभर तरी हलवू नका, फक्त त्याचा प्लग काढून ठेवा. महिन्यातून एकदाच लागणारं काही, जीएसटीच्या रिटर्नसाठी डिजिटल सहीचं टोकन किंवा टॅलीचा डेटा, तेवढ्या काळात आठवतं. मग डिस्क पुसायची. नुसतं फॉरमॅट पुरत नाही. विंडोज रीसेट करताना ‘क्लीन ड्राइव्ह’चा पर्याय निवडा, डिस्क फिरणारी असेल तर याला काही तास लागतात. डिस्क स्वतःकडे ठेवणार असाल तर बॅकअपसाठी तिच्या एकटीवर भिस्त नका ठेवू, दहा वर्षं फिरलेली डिस्क आहे ती. उरलेला डबा भंगारवाल्याला न देता ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ई-कचरा संकलनात किंवा महापालिकेच्या केंद्रावर द्या, आणि देताना मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून तो वेगळा द्या.